गोंदियाला उतरणार असाल तर

पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला गोंदिया माहीत असतं ते गाडीच्या पाटीवरून. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघते, राज्याची हद्द कुठेही न ओलांडता चोवीस तासांहून जास्त धावते आणि गोंदियाला येऊन संपते. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेसही इथेच संपते. रोज हजारो लोक हे नाव वाचतात. उतरायला मात्र कोणाला सुचत नाही, कारण "तुमच्याकडे बघायला काय आहे?" असं विचारलं की आपण गोंदियावालेच सांगतो, "काही नाही हो, नागझिरा करा अन् निघा."

मीही कित्येक पाहुण्यांना हेच सांगितलंय. आता सांगत नाही. कारण या सल्ल्याने काय होतं ते बघा. पाहुणा नागपूरहून गाडी करतो, थेट जंगलाच्या गेटवर पोचतो, रिसॉर्टवर राहतो, तिथेच जेवतो आणि आल्या वाटेने परत जातो. गोंदियाच्या ऑटोवाल्याला, लॉजवाल्याला, बाजारातल्या दुकानदाराला त्यातलं काय मिळालं? पर्यटन वाढवायचं म्हणजे चौकात रंगीत अक्षरं उभी करायची, एवढंच आपल्या लोकांना सुचून राहिलं आहे.

म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. मुक्काम शहरात करा आणि जिल्हा रेल्वेने फिरा. गोंदिया जंक्शन आहे, हीच इथली खरी श्रीमंती. एक लाईन नागपूरला, एक रायपूरला, एक बालाघाटवरून जबलपूरला, एक बल्लारशाहला. जबलपूरची लाईन आधी छोटी होती, आता ब्रॉडगेज झाली.

सकाळी बाजारात पायी फिरा. गोरेलाल चौक, गांधी प्रतिमा, जयस्तंभ चौक हा भाग गाडीतून कळत नाही. दुकानदार हिंदीत बोलेल, बाजूची बाई पोवारीत, तिसरा कोणी छत्तीसगढीत. "हे महाराष्ट्रात आहे ना?" असं कृपया विचारू नका. दोन राज्यांच्या सीमेवरचा बाजार आहे, असाच असणार. तांदूळ मात्र घेऊन जा. शहरभर राइस मिल आहेत, पण चिन्नोरचं भौगोलिक मानांकन मिळालं एका बाजूच्या भंडाऱ्याला आणि दुसऱ्या बाजूच्या बालाघाटला. मधल्या गोंदियाचा तांदूळ बिननावाच्या पोत्यात जातो. याबद्दल आपल्याकडे कोणी फार बोलतही नाही.

रायपूरकडच्या लोकलने सालेकसाच्या पुढे दरेकसा स्टेशनवर उतरा. पावसाळ्यात हाजरा फॉल आहे. कचारगडही याच भागात, पण ती पिकनिकची जागा नाही. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज तिथे आपल्या दैवतांच्या दर्शनाला येतो. गुहेत रील काढत नाचणाऱ्यांना बघून लाज वाटते. आमगावला उतरलात तर जवळच पदमपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं गाव ते हेच, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. आणि बल्लारशाह लाईनवर देवलगावहून नवेगावबांध जवळ. कोहळी लोकांनी बांधलेला हा तलाव बघितल्यावर मारुती चितमपल्ली तिथे इतके का रमले ते वेगळं सांगावं लागत नाही.

सारसाबद्दल जरा थांबून लिहितो. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास आपल्याच जिल्ह्यापुरता उरला आहे. तो अभयारण्यात नाही, माणसांच्या धानाच्या बांधीत राहतो. पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत तिथेच घरटं करतो. शेतकरी घरट्याभोवतालचा धान सोडून देतो, तेव्हा पिल्लू वाचतं. त्यात लांब लेन्सवाले साहेब धुरा तुडवत आत घुसतात, अन् संध्याकाळी लोकेशनसकट फोटो टाकतात. दुसऱ्या दिवशी दहा गाड्या. असं दोनदा झालं की तिसऱ्या वर्षी तो शेतकरी घरटं होऊच कशाला देईल? सारस बघायचाच असेल तर हिवाळ्यात या, परसवाड्यासारख्या तलावाच्या पाळीवरून दुर्बिणीने बघा. सोबत गावातलाच माणूस घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. घरट्याचं लोकेशन कोणी विचारलं तर माहीत असूनही सांगू नका.

नागझिऱ्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, पावसाळ्यात बंद असतं एवढं लक्षात ठेवा. पण प्रशासनाकडे माझी मागणी आहे. सफारीच्या वेळा धरून स्टेशनवरून चोरखमारा गेटला आणि नवेगावबांधला निदान शनिवार-रविवार एसटी सोडा. आणि स्टेशनबाहेर एक फलक लावा, मराठी-हिंदीत: कुठल्या पॅसेंजरने कुठे उतरलं की काय बघता येतं, परतीची गाडी किती वाजता. सेल्फी पॉइंटपेक्षा हे स्वस्तात होईल.

आणि एकदाच यायचं असेल तर दिवाळीनंतर या. गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार. रात्री झाडीपट्टीचं नाटक, पहाटेपर्यंत. लेकी माहेरी आलेल्या असतात, घराघरांत पाहुणे. अनोळखी माणसालाही "जेवून जा जी" म्हणतात, आणि ते मनापासून असतं. मंडईची तारीख प्रत्येक गाव आपली आपण ठरवतं, इंटरनेटवर शोधत बसू नका, चहाच्या टपरीवर विचारा. शाल सोबत ठेवा, रात्री मांडवात थंडी वाजते. परतीला रात्री वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. नाटक पूर्ण बघा आणि सकाळच्या पहिल्या एसटीने या.