आजीचा गुडघा

मिस्साच्या वेळी सारी मंडळी गुडघे टेकतात, तेव्हा एखादी वृद्ध माउली बाकावरच संकोचून बसलेली आपण पाहतो. तिच्या गुडघ्यातील कूर्चा झिजून हाडावर हाड घासत असते. "वय झाले, हा माझा क्रूस," असे ती म्हणते आणि घरची माणसेही गप्प राहतात. परंतु उपचाराने हलका होणारा भार मुकाट्याने वाहणे हे काही पुण्य नव्हे.

हुबळीला १९५७ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खुबा व गुडघा बदलणारे शल्यविशारदही आज हुबळी-धारवाडात आहेत. आजीला त्यांच्याकडे न्यावे. चांगला शल्यविशारद लगेच शस्त्र उचलीत नाही. वजन उतरविणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, हाती काठी, एवढ्यानेही पुष्कळांचे भागते. वेदनेने झोप उडाली, घरातल्या घरात चालणे कठीण झाले, तरच तो सांधा बदलण्याचा सल्ला देतो. मग हाडांची झिजलेली टोके कापून तेथे धातूचे आवरण बसवितात आणि मध्ये टणक प्लास्टिक ठेवतात.

"परकी वस्तू अंगात टिकेल का?" असे आजी विचारील. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी प्रथम खुब्यात वापरलेले टेफ्लॉन थोड्याच वर्षांत झिजले. ते अपयश त्यांनी झाकले नाही. प्लास्टिकचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून पारखले आणि १९६२ मध्ये अधिक टिकाऊ प्लास्टिक वापरले. आजचे बहुतेक कृत्रिम सांधे १५-२० वर्षे टिकतात.

"मांडी घालता येईल का?" हा तिचा दुसरा प्रश्न. जमिनीवर बसणाऱ्या आपल्या लोकांचा विचार करूनच पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' गुडघा घडविला. तरीही कसे बसावे, हे ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे.

खर्चाची धास्तीही असतेच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तरी सांध्याची किंमत आणि इस्पितळाचा एकूण खर्च आधीच लेखी मागून घ्यावा. मधुमेह आटोक्यात आणावा. दातांत किंवा त्वचेवर पू असल्यास डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर खरे काम घरच्यांचे. व्यायाम दुखतो, तो रोज करवून घेण्यास सुनेचा धीर आणि नातवाचा हात हवा.

आणि पुढेही गुडघे टेकता आले नाहीत, तर आजीने खंत करू नये. आजारी व वृद्ध यांना ख्रिस्तसभेने ती मोकळीक दिलेलीच आहे. येत्या रविवारी मिस्साहून परतताना तिच्या पावलाने चाला आणि कोठे दुखते ते तिला विचारा.