मुखपृष्ठावर बुद्ध दिसले म्हणून…



मुखपृष्ठावर तथागत दिसले की आपण हात जोडतो आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तक घ्या म्हणतो. जरा थांबा. जपानी चित्रकथांना मंगा म्हणतात. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही मोठी मंगा रचली. तीत गुलाम आईचा मुलगा चाप्रा आणि अस्पृश्य पोर तत्ता जातिभेदाशी झुंजतात. वाचावी अशीच ती आहे. पण ही पात्रे तिपिटकातली नाहीत, लेखकाने कल्पिलेली आहेत. शिवाय तीत उघडी शरीरे आहेत, रक्तपात आहे. म्हणून ती नववीच्या पुढे, गुरुजींनी समजावून द्यावी. चौथीच्या कपाटात नको.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. इथल्या लेकरांना इतिहास कोणता, कल्पना कोणती, हे कळलेच पाहिजे. पारखून घ्या, हीच कालाम सुत्ताची शिकवण.

दुसरे पुस्तक ‘भीमायन’ (२०११). दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे. गोड बोल पक्ष्याच्या आकारात, विषारी बोलाला विंचवाची नांगी! मूळ पुस्तक इंग्रजी, पण ही खूण गडचिरोलीच्या रानातल्या पोराला कोणी शिकवावी लागत नाही. सातवी-आठवीला ते जरूर द्यावे.

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. बैठकीला मजुरी बुडते खरी, पण पुस्तकांची यादी ठरेल त्या दिवशी तरी जा. यादी मागा, पुस्तक उघडा, शेवटच्या पानापर्यंत पाहा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या.

जयभीम!