गोळी राहते ती विसरून नव्हे



घरातल्या वडीलधाऱ्यांची गोळी राहिली की आपण लगेच म्हणतो, "वय झालंय, विसरतात." मला हे पटत नाही. ज्या आज्जींना चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला नियम तिथीसकट आठवतो, त्या रोज रात्रीची गोळी कशा विसरतील? बऱ्याचदा त्या ती घेत नाहीत, आणि का घेत नाहीत हे आपण विचारत नाही.

हा फक्त आपल्या घरांचा प्रश्न नाही. विकसित देशांतही दीर्घ आजारांची औषधं सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात म्हटलं आहे. खर्च, चक्कर, गोळ्यांची गर्दी, "आता बरं वाटतंय, मग कशाला?" ही कारणं सगळीकडे असतात. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे त्याची गोळी तर फुकटचीच वाटते.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे नियम. डॉक्टर लिहितात, "रात्री जेवणानंतर". त्यांच्या डोळ्यांसमोर नऊ वाजलेले असतात. आपल्याकडे हिवाळ्यात साडेपाचलाच ताटं उचलली जातात, आणि चौविहार असेल तर सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. मग ती गोळी डबीतच राहते. कॅप्सूलचं वेगळंच. तिचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेलं असतं. हे कळलेली बाई वाद घालत नाही, गुपचूप बाजूला ठेवते.

पर्वात तर जास्तच जपायला हवं. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न नसताना घेतल्या तर साखर धोकादायक खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं याला आपण "उपवासाचा अशक्तपणा" म्हणून सोडून देतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी आणि निर्जल उपवास एकत्र आले की शरीर कोरडं पडतं. पण म्हणून उपवासाच्या दिवशी सगळीच औषधं आपल्या मनाने बंद करणंही तितकंच घातक आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नियम लपवायचा नाही आणि औषधही टाळायचं नाही. चिठ्ठी लिहिण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं: आमच्या सासूबाई सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, अष्टमी-चतुर्दशीला उपवास करतात, जिलेटिन चालत नाही. कितीतरी औषधांची वेळ बदलता येते, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मिळू शकते. तेच औषध साध्या गोळीत किंवा वनस्पतिजन्य आवरणात मिळतं का, हेही विचारता येतं. मात्र कॅप्सूल स्वतःच फोडून पूड देऊ नका. काही औषधं हळूहळू विरघळण्यासाठीच तशी बनवलेली असतात.

आणि एक विनंती. "यात तसलं काही नाही" असं खोटं सांगून, किंवा आमटीत गोळी कुटून घालून औषध देऊ नका. ज्यांनी आयुष्यभर व्रत सांभाळलं, त्यांना फसवून आपण त्यांचं व्रतही मोडतो आणि आपलं सत्यही.

धर्म इथे आडवा येतच नाही. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे, म्हणजे तप शक्तीप्रमाणे करायचं. श्वेतांबर परंपरेतल्या पच्चक्खाणांमध्ये आजारपणात समाधी टिकावी म्हणून आगार, म्हणजे सवलत ठेवलेली आहे. चार दानांत आहारदानाशेजारीच औषधदान आहे. परक्याला औषध देणं पुण्य, तर स्वतःच्या देहाला देणं पाप कसं होईल? मनात शंका असेल तर महाराजांना, माताजींना मोकळेपणाने विचारा. पण आज्जींना सोबत घेऊन विचारा, त्यांच्या पाठीमागे नको.

दशलक्षण पर्वाला अजून वेळ आहे. तोवर घरातल्या गोळ्यांची डबी उघडा. कोणती गोळी शिल्लक राहतेय ते बघा, आणि न रागावता एवढंच विचारा, "ही का घेत नाही हो?"