पहिलं वर्ष कापू नका, कारखान्यात न्या

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष फुकट जातं, अशी ओरड हल्ली पालक करतात आणि काही प्राध्यापकही त्यांच्या सुरात सूर मिसळतात. कॉम्प्युटरला प्रवेश घेतलेल्या मुलाने वर्कशॉपमध्ये कानस का घासायची? ग्राफिक्सची शीटं का काढायची? मेकॅनिक्सची केटी का ओढवून घ्यायची? त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून कोडिंग शिकवा, असा त्यांचा आग्रह.

आधी कानशीचं बघू. मुलाच्या हाती पोलादाचे दोन तुकडे येतात. एकात खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्या मापाची जीभ काढायची आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे. घासून झालेल्या कडेला गुण्या लावून तो उजेडासमोर धरला की फटीतून प्रकाश डोकावतो. ‘झालं’ म्हणणारा खोटा पडतो, आणि सरांनी तोंड उघडण्याआधीच पडतो. मापापुढे आपलं मत चालत नाही, हे एकदा हाताला कळलं की ‘माझ्या मशीनवर तर प्रोग्राम चालतो’ म्हणून हात झटकण्याची सवय लागत नाही. शिवाय शाखांच्या भिंती कॉलेजात असतात, कामावर नसतात. नगरलाच डीआरडीओची वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. आजच्या गाडीत यंत्र, वीज आणि प्रोग्राम वेगळे काढून दाखवा म्हटलं तर कुणाला जमेल?

दुसरा आक्षेप असा की, हे सगळं बारावीत होऊन गेलेलं असतं. बारावीच्या बहुतेक गणितांत दोरीला वजन नसतं आणि कप्पीला घर्षण नसतं. खरी दुनिया मेकॅनिक्समध्ये सुरू होते. अकोले तालुक्यात १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं दगडी धरण बघा. पाण्याची खोली दर १० मीटरने वाढली की दाब चौरस सेंटिमीटरमागे साधारण १ किलोने वाढतो. भिंत पायाशी इतकी रुंद का, याचं उत्तर त्या एका ओळीत सुरू होतं. मग भिंत उलटेल की सरकेल, हा हिशेब येतो. तो बारावीत झालेला नसतो.

तिसरा आक्षेप कळवळ्याचा आहे: खेड्यातली मुलं या विषयांत अडकतात, त्यांची सुटका करा. अडकतात, हे खरं. पण पुष्कळदा अडतं ते इंग्रजीपाशी. प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला एआयसीटीईने २०२१ मध्ये वाट मोकळी करून दिली. ती वाट चालायची सोडून विषयच काढून टाकणं म्हणजे खेड्यातल्या मुलाला हे झेपणारच नाही, असं परस्पर ठरवून टाकणं.

आक्षेपकांचं एक म्हणणं मात्र बिनतोड आहे: आज हे वर्ष ज्या पद्धतीने उरकलं जातं, त्यातून काही शिकणं होत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर दोन खुर्च्यांवर काच टेकवतात, खाली बल्ब लावतात, मित्राच्या शीटवर आपलं कोरं शीट ठेवतात आणि रेघा गिरवतात. याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. पण दोष ग्राफिक्सचा की सगळ्यांना वर्षानुवर्षं तीच शीटं देणाऱ्यांचा?

उपाय नगर जिल्ह्याच्या दाराशी उभा आहे. लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथली इंजिनिअरिंग कॉलेजं १९८३ च्या सुमाराची, आणि तिन्ही सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातली. कारखाना म्हणजे पहिल्या वर्षाचा जवळजवळ पूर्ण अभ्यासक्रम. गव्हाणीतून ऊस रोलरपर्यंत जातो, तिथे मेकॅनिक्स. रसाला चुना आणि सल्फर डायऑक्साइड लागतो, तिथे केमिस्ट्री. टनभर उसामागे पाव टनाहून अधिक बगॅस निघतो. तोच बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरून वीज होते आणि टर्बाइनमधून सुटलेल्या वाफेवर पुन्हा रस आटतो. ऊर्जेचा हिशेब याहून सोपा करून कुठल्या फळ्यावर शिकवणार?

म्हणून पहिल्या सत्रात पाच-पाच मुलांचे गट करावेत. गळीत सुरू होण्याआधी कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रं उघडलेली असतात. प्रत्येक गटाने एक सुटा भाग स्वतः मोजावा आणि त्याचं शीट काढावं. प्रत्येकाचा भाग वेगळा, म्हणजे काचेखालचा बल्ब आपोआप विझला. गळीत लागल्यावर तोच भाग चालताना बघावा आणि तोंडी परीक्षा मराठीत द्यायची मुभा असावी. कोडिंगही इथेच शिकवा: काट्यावरच्या वजनांच्या नोंदी घ्या आणि उसाच्या गाड्यांची रांग कमी करणारा प्रोग्राम लिहायला सांगा. यंत्रांजवळ धोका असतो, हे खरंच. म्हणून सुरक्षेचा धडा पहिला असावा, आणि तोही इंजिनिअरिंगचाच भाग आहे.

यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. लागतं ते प्राध्यापकांनी वर्गाबाहेर पडणं आणि कारखान्याने फाटक उघडणं. ज्यांना पहिलं वर्ष नको आहे, त्यांनी आधी ते एकदा असं शिकवून पाहावं. त्यानंतरही मुलं ‘फुकट गेलं’ म्हणाली, तर कात्री आम्हीच आणून देऊ.