पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा रणगाडा

हुडकेश्वर येथे नवे घर बांधून राहावयास आलेल्या एका श्रावक कुटुंबातील हा प्रसंग आहे. इतवारीतील धान्याचे दुकान मुलाच्या स्वाधीन करून बासष्टाव्या वर्षी मोकळे झालेले गृहस्थ सामान लावीत असताना त्यांच्या हाती सुतळीने बांधलेला एक खोका लागला. आत टामिया या जपानी कंपनीचा, १/२५ प्रमाणातील सेंच्युरियन रणगाड्याचा संच होता. सिंगापूरहून आलेल्या नातलगाने तो दिला तेव्हा त्यांचे लग्न व्हावयाचे होते. जोडणी निम्म्यावर आली, वडील वारले आणि दुकानाची गादी सांभाळणे भाग पडले. त्यानंतर छत्तीस वर्षे ती सुतळी सुटली नव्हती.

गोंदाच्या बाटलीत तळाशी खडा उरला होता. रंगाच्या डब्या वाळून गेल्या होत्या. मऊ पट्टे ज्या चाकांना टेकून पडले होते, ती चाके त्या पट्ट्यांतून पाझरलेल्या द्रव्याने चरल्यासारखी झाली होती. पाण्यात भिजवून उतरवायची चिन्हे पिवळी पडली होती. ती त्यांनी पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला लावली. नागपूरच्या वैशाखातील उन्हाने दोन आठवड्यांत पिवळेपणा बराचसा ओढून घेतला. या उन्हाचा असाही उपयोग आहे.

हात मात्र पूर्वीचा राहिला नव्हता. या कामातील गोंद केवळ चिकटवीत नाही. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. वाकडे बसले की उसवून पुन्हा जोडणे जवळपास अशक्य. चष्म्यावर भिंग लावूनही चिमट्यातील कडी फरशीवर पडे आणि सारे घर ती शोधीत बसे. तरीही प्रत्यक्षात पन्नास टनांहून जड असलेले ते यंत्र, तोफ वगळता सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे होऊन, टेबलावर आकार घेऊ लागले.

हरकत घेतली ती चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने. "चातुर्मास तोंडावर आला आणि तू घरात तोफ मांडतोस?"

"आई, प्लास्टिक आहे ते. कुणाला मारते का?"

"यशोधराचा कोंबडाही पिठाचाच होता," आई म्हणाली.

ही कथा आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलकचंपू' रचले, पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' लिहिले, ते याच उज्जयिनीच्या राजावर. राजा यशोधर पशुबळी देण्यास नकार देतो. आई चंद्रमतीच्या आग्रहास्तव पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. आणि तेवढ्या संकल्पापोटी मायलेकांना कित्येक तिर्यंच जन्मांतून फिरावे लागते. रक्ताचा थेंब सांडला नव्हता, पण मारण्याचा भाव पुरता होता. त्या कथेत आई मुलाला भरीस घालते. हुडकेश्वरच्या या घरात आई मुलाला अडवीत होती, एवढाच फरक.

गृहस्थांना उत्तर सुचले नाही. विचार केला तर उत्तर आहे. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले, त्यांपैकी गृहस्थाला सर्वथा वर्ज्य ती संकल्पी. यशोधराने कोंबडा घडविला तो मारण्यासाठी. येथे संकल्प घडविण्यापाशीच संपतो. पण हेही उत्तर पुरते टिकले नाही. सात वर्षांच्या नातवाने एके दिवशी तोफेचे तोंड स्वयंपाकघराकडे वळवून तोंडाने धडाड् असा आवाज काढला, आणि आजोबा हसले. आईने ते हसणे पाहिले.

खरी हिंसा निघाली ती भलत्याच ठिकाणी. खोक्यात तरुणपणी हौसेने घेतलेले तीन ब्रश होते. विकणाऱ्याने तेव्हा कौतुकाने सांगितले होते, मुंगसाच्या केसांचे आहेत, टोक मोडत नाही. एका मुंगसापासून हाती लागणारा केस अगदी थोडा, म्हणून या धंद्यासाठी मुंगसे मोठ्या संख्येने मारली जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हा व्यापार आज गुन्हा आहे. तोफेत पाप शोधणाऱ्या घरात ते ब्रश छत्तीस वर्षे पडून होते! गृहस्थांनी हे आईला स्वतःहून सांगितले आणि नायलॉनचे ब्रश आणले. कपाटात न उघडलेले आणखी नऊ संच आहेत, हे मात्र सांगितले नाही. परिग्रहाची मर्यादा घेताना हा शिलकी माल कोणत्या खात्यावर धरावा, हे त्यांचे अजून ठरलेले नाही.

रंग देण्याच्या सुमारास आईने विचारले, "हा गाडा कुणाचा?"

त्यांनी सांगितले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल अशाच सेंच्युरियनमध्ये होते. वय २१. गाड्याला आग लागली, मागे फिरण्याची आज्ञा झाली. तोफ अजून चालते, असे कळवून ते थांबले आणि तेथेच पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, एक्याऐंशी वर्षांचे त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी आदरातिथ्यात काही कमी केले नाही. अखेर एका रात्री त्यांनीच सांगितले, की तुमच्या मुलाचा मृत्यू माझ्या हातून झाला.

आई बराच वेळ माळेचे मणी न ओढता बसून राहिली. मग म्हणाली, "क्षमावणीला आपण घरोघर जाऊन क्षमा मागतो, ती कुणाची? ज्यांच्याशी भांडण नाही त्यांचीच."

पर्युषणाचे दहा दिवस टेबलावर पांढरे वस्त्र पसरलेले होते. ते काढल्यावर राहिलेले काम नावाचे होते. खेत्रपालांच्या गाड्याचे नाव 'फामागुस्ता', सायप्रस बेटावरील एका शहराचे. नखाएवढ्या जागेत ते लिहिताना हात थरथरला, अक्षरे दोनदा पुसावी लागली. आई भिंग हातात धरून शेजारी बसली होती. "घाई करू नकोस," ती म्हणाली, "नाव नीट यायला हवे."