‘काहून?’ या शब्दाला हसणारे

विनोदवीरांच्या पॉडकास्टमधून आजचे विद्यार्थी विचारवंतांची नुसती नावे उचलतात, ग्रंथ मात्र उघडत नाहीत, अशी तक्रार अमरावती-अकोल्याकडच्या अध्यापकवर्गात हल्ली वारंवार कानी येते. काम्यू, नीत्शे, मार्कस ऑरेलियस, हरारी, जे. कृष्णमूर्ती, ओशो अशी ती नामावळी. वर्गात ‘अस्तित्ववाद’ हा शब्द उच्चारताच एखादा मुलगा हात वर करतो आणि सिसिफसचा दगड सांगू लागतो. कुठे वाचलेस म्हणून विचारावे, तर उत्तर येते की वाचले नाही, ऐकले. मग अध्यापक-कक्षात चहाबरोबर हळहळ निघते की, ज्ञानाच्या किल्ल्या आता विदूषकांच्या हाती गेल्या. आम्हाला प्रथम या हळहळीशी भांडायचे आहे, आणि ते उरकल्यावर त्या पॉडकास्टांशीही. दोन्ही पक्ष वरवर परस्परविरोधी दिसत असले तरी आमच्या मते ते एकाच गैरसमजुतीचे भागीदार आहेत.

‘ऐकीव’ या शब्दाला आपण जो तुच्छतेचा वास लावून ठेवला आहे, तो निदान वऱ्हाडात तरी शोभत नाही. चांदूर बाजारजवळच्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. त्यांचे सारे अध्ययन कानांनी झाले. दुसऱ्याने वाचावे आणि यांनी ऐकावे. तेवढ्या बळावर या माणसाने डार्विन आणि स्पेन्सर यांच्याशी वाद मांडला. त्यांचे निष्कर्ष आम्हाला मान्य नाहीत, हे येथेच सांगून टाकतो. परंतु स्पेन्सरचे नाव ऐकून माना डोलावणे त्यांच्याकडून झाले नाही. ते नाव ऐकून त्यांना प्रतिपक्ष उभा करावासा वाटला. कानाने मिळालेला विचार उथळच असतो, या गृहीतकाचे काय करायचे ते आता अध्यापकांनीच ठरवावे.

आणखी मागे जायचे, तर मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १२७८च्या सुमारास, म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते चक्रधरांचे बोलणे ज्यांनी ज्यांनी ऐकले होते त्यांच्या आठवणी गोळा करून. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे काय, तर संभाषणांचा संग्रह. त्याच गावच्या गोविंदप्रभूंच्या लीळा वाचताना गंभीर राहणे कठीण जाते, कारण लोक ज्याला ‘राऊळ वेडे’ म्हणत, त्याच्या वेडेपणातूनच तत्कालीन शिवाशिवीची आणि देवळाची थट्टा होत राहते. आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे (२०२४पासून), ही आनंदाची गोष्ट. त्या विद्यापीठाचा मूळपुरुष मात्र, म्हटले तर, एक गप्पांचा संकलक आहे.

पण या विषयातली खरी साक्ष गाडगेबाबांची. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. त्यांना ‘संत’ म्हणून आपण चौकात पुतळा करून बसवले, विद्यापीठाला त्यांचे नाव दिले, पण ते महाराष्ट्रातले एक अव्वल हशा पिकवणारे वक्ते होते, हे सांगायला आपल्याला संकोच वाटतो. त्यांच्या कीर्तनाची पद्धत आठवावी. बाबा विधान करीत नसत, विचारीत. देवाला अंघोळ कोण घालतो? धोतर कोण नेसवतो? नैवेद्य ठेवल्यावर काठी घेऊन कोण बसतो, आणि कशासाठी? समुदाय उत्तर देई की कुत्रे येते म्हणून. आणि त्या उत्तरासरशी मंडपभर हशा उसळे. हा हशा कशाचा, याचा विचार आमच्या समीक्षेने फारसा केलेला नाही. तो करमणुकीचा नव्हे. ज्या देवाला स्वतःचा नैवेद्य कुत्र्यापासून राखता येत नाही, त्याच्याकडे आपण लेकराबाळांचे रक्षण मागतो, हे अनुमान बाबांनी उच्चारण्याआधीच श्रोत्याने स्वतः केलेले असते, आणि केल्याची कबुली तो हसून देतो. सॉक्रेटिसाची प्रश्नपद्धती शिकवताना आपण ग्रीसला जातो. दर्यापूर-अंजनगावच्या वाटेने गेलो असतो तरी चालले असते.

आता याच कीर्तनात ग्रंथ आणि विचारवंत कसे येतात ते पाहावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाच्या तोंडी तुकोबा आणि कबीर सतत असत. पण ते साक्षीदार म्हणून. आधी प्रश्न, मग लोकांचे उत्तर, मग तुकोबाला पिंजऱ्यात बोलावणे. डॉ. आंबेडकरांचे नाव येई तेही आरतीसाठी नव्हे. ज्या समाजाला तुम्ही उंबऱ्याबाहेर ठेवले त्यातला एक पोरगा शिकला आणि देशाची घटना लिहून बसला. मग तुमच्या पोराला शाळेत घालायला तुम्हाला काय झाले, असा तो युक्तिवाद असे. जेवायला ताट नसले तर हातावर भाकरी घ्या, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा सुप्रसिद्ध सल्ला याच ओघात येतो. नाव घेतले की त्यातून श्रोत्यावर एक काम येऊन पडे. आणि नाव घेणाऱ्यावरही: पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

दुसरी साक्ष अगदी वेगळ्या घरातली, म्हणून महत्त्वाची. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) यांना मराठी विनोदाचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. हा विनोद पुण्यात जन्मला अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत दिसते. कोल्हटकर अकोल्यात वकिली करीत होते, मग तेल्हाऱ्यात, पुढे जळगाव-जामोदला. ‘सुदाम्याचे पोहे’ या संग्रहातले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तीन मित्र करतात काय? बसतात आणि बोलतात. शिमगा, गणेशचतुर्थी, श्रावणी, चोरांचे संमेलन! विषय मिळाला की तिघे त्याच्यावर तुटून पडतात, आणि रूढीची बाजू इतक्या उत्साहाने मांडली जाते की ती रूढी बिचारी त्या समर्थनानेच उघडी पडते. तीन माणसे, एक विषय, भरपूर विषयांतर, अधूनमधून शास्त्रार्थ! आजच्या पॉडकास्टचा साचा याहून फारसा निराळा नाही. हेच कोल्हटकर ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहितात आणि विनोदातून धर्मशास्त्राची उलटतपासणी घेतात. लेखक एकच, आणि त्याच्या डोक्यात ‘गंभीर’ व ‘गमतीदार’ असे दोन कप्पे असल्याचे दिसत नाही.

हे दोन कप्पे मात्र आजच्या पॉडकास्टमध्ये ठळक आहेत, आणि आमचे त्यांच्याशी भांडण आहे ते येथे. ग्रंथांची नावे येतात याबद्दल आमची कुरकुर नाही. येतात तेव्हा काय होते, याबद्दल आहे. तासभर उनाड, चपळ, शंकेखोर बोलणारा विनोदवीर पुस्तकाचे नाव निघताच आवाज खाली आणतो. खुर्चीत सरळ बसतो. ‘आता थोडं सीरियस होऊ या’ म्हणतो. आणि मग जे येते त्यात त्याच्या विनोदाचा अंशही नसतो: दोन वाक्यांत स्टोइक, तीन वाक्यांत ‘सेपियन्स’, समोरच्याचे ‘क्या बात है’, पुढचा विषय. ज्या माणसाचा धंदाच मुळी प्रत्येक प्रस्थापिताला चिमटा काढण्याचा, तो मार्कस ऑरेलियसपुढे हात जोडून उभा राहतो. अरे, हा गृहस्थ रोमचा सम्राट होता! संयमाचा उपदेश करणाऱ्या सम्राटावर ज्याला एकही विनोद सुचत नाही, त्याने तो वाचला आहे यावर आमचा विश्वास बसत नाही.

ही लागण येथली नव्हे. अमेरिकेत जो रोगन या विनोदवीराने २००९ साली सुरू केलेल्या कार्यक्रमात जॉर्डन पीटरसन यांनी युंग आणि दस्तयेवस्की यांची नावे कोट्यवधी कानांवर घातली. तेथे विनोदवीराची भूमिका बहुतांशी विस्मित श्रोत्याची होती. तोच नमुना हिंदीत आणि मराठीत उतरला. अपवाद आहेत, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. कुणाल कामराच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘शट अप या कुणाल’मध्ये समोर राजकारणी वा पत्रकार असला तरी खोडी थांबत नसे. मराठीत २०१६ पासून ‘भाडिपा’ने आणि पुढे ‘अमुक तमुक’ने दीर्घ संभाषणाची सवय एका पिढीला लावली, हेही लहान काम नव्हे. परंतु आमचा मुद्दा या वा त्या कार्यक्रमाचा नाही. हसू संपते तेथे विचार सुरू होतो, ही जी समजूत या साऱ्यांच्या तळाशी आहे, तिच्याशी आमचे वैर आहे.

वऱ्हाडात या समजुतीची किंमत अधिक पडते, कारण येथे ती भाषेवर येऊन आदळते. झी मराठीवर २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मधून भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली घरोघर नेली, त्यापूर्वी मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्सप्रेस’ गावोगाव धावली. दोघांचेही ऋण आम्ही मानतो. (लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा आमच्या प्रांताशी काही संबंध नाही, ते लग्नाचे वऱ्हाड आहे, आणि बोलीही मराठवाड्याची. तरी ‘तुम्ही वऱ्हाडचे’ म्हटले की बाहेरचा माणूस त्याचीच आठवण काढतो.) परिणाम असा झाला की नुसते ‘काहून?’ म्हटले तरी प्रेक्षागार हसते. काहून म्हणजे का. ज्या शब्दाने कोणतेही चिंतन सुरू होते, तोच शब्द आमच्या तोंडून निघाला की विनोद ठरतो. म्हणून आमच्याकडचा मुलगा कॅमेऱ्यासमोर बसला की किस्से वऱ्हाडीत सांगतो, आणि काम्यूवर येताच पुणेरी प्रमाणभाषेत नाहीतर इंग्रजीत शिरतो. बोली हसवण्यासाठी आणि परकी भाषा विचारासाठी, अशी वाटणी त्याने स्वतःच्याच जिभेवर करून घेतलेली असते.

ही वाटणी खोटी आहे याचा पुरावा १९६० सालीच छापून झाला आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली कौतिक भुकेचा, कष्टाचा, पोरांच्या शिक्षणाचा हिशेब वऱ्हाडीत मांडते, आणि तो वाचताना कोणालाही हसू येत नाही. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी म्हणींचा अभ्यास केला तो त्या गमतीदार आहेत म्हणून नव्हे, त्यांत एका समाजाने आपला अनुभव गाळून ठेवला आहे म्हणून. तरीही निराशा आणि जगण्याचा निरर्थकपणा या विषयांवर बोलताना कापूसपट्ट्यातल्या पोराला फ्रान्सचा सिसिफस आठवतो, कौतिक आठवत नाही. दोन्ही आठवाव्यात, आणि एकीने दुसऱ्याला प्रश्न विचारावा. दगड पुन्हा पुन्हा वर नेणाऱ्याला सुखी कल्पावे, हे काम्यूचे म्हणणे कौतिकच्या घरात नेऊन पाहिले, तर ती काय म्हणेल? असा एखादा पॉडकास्ट निघाला तर आम्ही रात्र जागून ऐकू.

आणि अध्यापक? पॉडकास्टवाल्यांनी केलेली फाळणी मुळात आमच्या अभ्यासक्रमांतून गेली आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ आम्ही ‘विनोदी वाङ्मय’ या खणात घातले आणि ‘कोल्हटकरांच्या विनोदाचे विशेष सोदाहरण स्पष्ट करा’ अशा धाटणीचे प्रश्न काढले. विशेष म्हणजे अतिशयोक्ती, उपरोध, कोटी, उदाहरणे मार्गदर्शिकेत. रूढीविरुद्धचा कोल्हटकरांचा युक्तिवाद टिकतो की नाही, हे कोणी विचारले? गाडगेबाबांवर निबंध लिहवून घेतले ते स्वच्छतेवर. ज्यांनी विचारवंताला विनोदापासून सोडवून त्याचा पुतळा केला, त्यांच्याच वर्गातून निघालेला मुलगा पॉडकास्टवर पुस्तकाचे नाव घेताना आवाज खाली आणतो. तो दुसरे काय करणार?

बाबांचे एक कीर्तन, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात नोव्हेंबर १९५६मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या सहा आठवडे आधी झालेले, ध्वनिमुद्रित आहे. ते वर्गात लावावे, आणि विशेष न विचारता, बाबा समुदायाला जे विचारतात त्याची उत्तरे विद्यार्थ्यांकडून घ्यावीत. कोल्हटकर स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळे झाले आहेत; ध्वनिक्षेपकासमोर त्यांना वाचायला, मध्येच थांबवायला, बंडूनानाशी वाद घालायला कोणाची परवानगी लागत नाही. तेल्हाऱ्यातल्या किंवा परतवाड्यातल्या तीन पोरांनी हे सुरू करावे. पहिल्या भागात तक्रार करणाऱ्या प्राध्यापकांनाच पाहुणे म्हणून बोलवावे. अट एवढीच की सारे बोलणे, काम्यूसकट, वऱ्हाडीत.