वर्ज्य स्वर आणि शाळेचा डबा

शाळेच्या डब्याविषयी सांस्कृतिक पानावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु समाजाची संस्कृती जितकी त्याच्या सभागृहांत दिसते तितकीच, किंबहुना अधिक, त्याच्या स्वयंपाकघरात दिसते. आपल्या इंदुरातल्या जुन्या मराठी घरांनी पंगत, प्रसाद आणि पोळी या तीन गोष्टी जिवापाड जपल्या. ज्या मुलाला नेमकी या तिन्हींची अडचण आहे त्याला आपण कसे वागवतो, हा प्रश्न म्हणूनच या पानाचा आहे.

मी बोलतो आहे ती मुले सीलिॲक या विकाराची. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की या मुलांच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवूनही उपाशी राहते. पोट फुगते, जुलाब होतात, रक्त कमी पडते, उंची खुंटते. कित्येकदा पोटाची काहीच तक्रार नसते. नुसते फिकटलेले, चिडचिडे, वयाच्या मानाने लहान दिसणारे मूल असते आणि घरात म्हणतात, 'आमच्याकडे सगळेच बारीक.' दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत राजधानीच्या परिसरात सुमारे शंभरात एक माणूस या विकाराचा आढळला. आपला माळवाही गव्हावरच जगतो. तेव्हा हे दुखणे दूरच्या कोणाचे तरी आहे असे मानून चालणार नाही.

हा गव्हाचा दोष आहे हे कळायलाही जगाला बराच काळ लागला. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने आपला पहिला निबंध १९४१ साली प्रसिद्ध केला. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या दिवसांत या विकाराची मुले उलट सुधारलेली त्याला दिसली. पाव परत आला तसे दुखणेही परत आले. १९५० साली त्याने उट्रेक्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला आणि वाद मिटला. या विकारावर आजही औषध नाही. जन्मभराचे पथ्य हाच उपचार.

येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. हल्ली हौसेने गहू सोडण्याची टूम निघाली आहे. मूल अशक्त दिसले की शेजारणीच्या सांगण्यावरून पोळी बंद करणारी घरेही आहेत. तसे करू नये. आधी रक्ताची तपासणी, आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास दुर्बिणीतून आतड्याची. ही तपासणी होईपर्यंत गहू चालूच ठेवावा लागतो, नाहीतर निदान चुकते. एका मुलाला हा विकार निघाला तर भावंडांची आणि आईबापांचीही तपासणी करून घ्यावी, कारण तो घराण्यात चालतो.

आता डब्याकडे वळू. हा डबा गरम का हवा, याचे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सकाळी सातला लाटलेली पोळी दुपारी बारालाही मऊ राहते ती कणकेतल्या ग्लूटेनच्या चिवटपणामुळे. ज्वारीत, बाजरीत, नाचणीत, तांदळात तो चिवटपणा नाही. सकाळची लुसलुशीत भाकरी दुपारी खुटखुटीत होते, भात टणक होतो. म्हणजे गव्हाच्या डब्याला थंडपणा चालतो, या डब्याला चालत नाही. मूल तो कोरडा तुकडा दोन घास चावून परत आणते, आणि पथ्य पाळूनही वजन वाढत नाही म्हणून आई रडते. गरम डबा हे या मुलाचे लाड नव्हेत. पथ्याचाच तो एक भाग आहे.

उपाय साधा आहे. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्यावा. त्यात उकळते पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटे ठेवावे, ओतून टाकावे, आणि वाफाळते अन्न लगेच काठोकाठ भरावे. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. सरबरीत पदार्थ अधिक वेळ गरम राहतात: मऊ खिचडी, वरणभात, ज्वारीच्या कण्या, तांदळाची उकड, वरईचा भात आणि दाण्याची आमटी. भाकरी द्यायची तर ती थर्मासात कोंडू नये, घाम सुटून तिचा लगदा होतो. ती सुती फडक्यात वेगळी गुंडाळावी आणि थर्मासात पातळ पिठले द्यावे. गरम पिठल्यात कुस्करली की ती पुन्हा जिवंत होते. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला तर बाधतो, म्हणून तो कढत भरावा आणि उरलेला संध्याकाळी खाऊ घालू नये.

पाहा, यातला एकही पदार्थ परका नाही. आपल्या उपासाच्या फराळात गव्हाला मुळी जागाच नाही. वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा ही सारी या मुलांना चालणारी. घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, तांदळाची खीर चालते. इंदूरचे पोहेही चालतात, मात्र सोबतची जिलबी मैद्याची म्हणून नाही. डाळ-बाफल्यातली डाळ चालेल, बाफला नाही. होळीला पोळी नको, पण वाटीभर पुरण, तूप आणि दूध याला कोण नाही म्हणेल?

खरी काळजी लपलेल्या गव्हाची. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, आणि हिंग तर आमच्या प्रत्येक फोडणीत! म्हणून या मुलाच्या आमटीत शुद्ध हिंग तरी घालावा, नाहीतर हिंगावाचून आमटी करावी. हिंग आला की जिरावनही संशयित ठरते. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत पुष्कळदा असतो, सातूच्या पिठात असतो. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली तर जात्यात राहिलेला गहू ज्वारीत उतरतो. म्हणून धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या चक्कीवर दळावे, आणि त्या चक्कीत गहू कधीच घालू नये. पोळपाट, परात आणि तवा वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेल्या तेलात या मुलाचे पापड तळू नयेत.

यावर घरातली वडील मंडळी म्हणतात, 'एका घासाने काय होते?' त्याचा हिशोबच मांडू. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते. तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन प्रयोगात रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले, तेवढ्यानेही आतड्याला इजा झालेली आढळली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा हिस्सा. घास तर दूरच, पोळीचा एक कपटा झाला! ज्या पाकिटावर ग्लूटेनमुक्त असे छापायचे त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असू नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. तो उगीच केलेला नाही.

मी गाणे शिकवणारा माणूस. मला हे पथ्य समजावून सांगायला भूप राग पुरतो. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. एखादा विद्यार्थी 'एकदाच मध्यम लावतो, काय बिघडते?' असे म्हणाला तर त्याला आपण हसू. मध्यम लागला की भूप गेला; मध्यम किती हळू लावला याला अर्थ नाही. आणि दोन स्वर वर्ज्य आहेत म्हणून भूप गरीब आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उरलेल्या पाच स्वरांत तो भरलेला आहे.

पण याहून महत्त्वाची गोष्ट मालकंसात आहे. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून गवई मैफलीला बसण्यापूर्वी तानपुऱ्याची पंचमाची तार मध्यमात मिळवून घेतो. गवयाने गळ्यातून पंचम काढून टाकला आणि मागे तानपुरा पंचम घुमवत राहिला तर गाणे उभे राहणार नाही. पथ्याचेही तसेच आहे. आठ वर्षांचे मूल एकटे पथ्य पाळू शकत नाही. घर, नातेवाईक, शाळा हे त्याचे तानपुरे. ते जुळवून घेण्याचे काम मोठ्यांचे आहे, आणि आपण मात्र सारा भार त्या मुलाच्या जिभेवर टाकतो.

माझे वडील दरबारी गवई. गाण्याच्या दिवशी दही, चिंच आणि तेलकट त्यांना वर्ज्य असे, आणि त्या दिवशी घरातला सगळा स्वयंपाक त्यांच्या गळ्याच्या सोयीने होई. कोणी त्याला नखरा म्हटले नाही. गळ्यासाठी मोठ्या माणसाने पाळलेले पथ्य मानाचे, आणि जिवासाठी लहान मुलाने पाळलेले पथ्य मात्र चोचले, हा कुठला न्याय?

माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या शाळेत, शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, सर्वांनी डबे एकत्र उघडून वाटून खावे असा नियम आहे. हेतू चांगला आहे. या मुलीने आपला डबा वेगळा ठेवला तेव्हा बाईंनी वर्गासमोर तिला 'आपमतलबी' म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीच्या डब्यातला पराठा खाल्ला आणि चार दिवस अंथरुणावर काढले. वाटून खाणे हा संस्कार खराच. परंतु आपल्या पंगतीतही उपास करणाऱ्याच्या पानावर वेगळे वाढतात, आणि त्याने पंगत मोडत नाही. पंगत म्हणजे सर्वांनी एकाच वेळी, एकमेकांच्या शेजारी बसणे. सर्वांच्या पानात एकच पदार्थ असणे नव्हे.

शाळांकडून फार मागायचे नाही. थर्मास आणू द्यावा, आणि लहान मुलांना तो उघडून देण्यास कोणी असावे. जेवणाआधी आणि जेवणानंतर सर्वांचे हात धुवावेत. वर्गाला एकदाच, साध्या शब्दांत, हे पथ्य काय आहे ते सांगावे. मुले मोठ्यांपेक्षा लवकर समजतात. वाढदिवसाला केकऐवजी चिक्की किंवा फळे आणावीत, निदान आदल्या दिवशी त्या मुलाच्या आईला कळवावे. खेळायला जो रंगीत मळलेला गोळा देतात त्यातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, तेही पाहावे. आणि जी मुले डबा आणतच नाहीत त्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सरकारी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. ज्याच्या घरी थर्मास घेण्याची ऐपत नाही अशा या विकाराच्या मुलासाठी त्याच शाळेत वेगळ्या पातेल्यातला वरणभात मिळाला पाहिजे. त्याचे आतडे काही वेगळे नाही.

राहिला प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा नाकारला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात कालवाकालव होते, आणि ती मी समजू शकतो. परंतु त्यांनी पोथी पुन्हा वाचावी. गव्हाचे पीठ नसेल तर तांदळाचे चालेल, असे पोथीतच सांगितले आहे. देवाने जी सवलत दिली ती आपण का काढून घ्यावी? वाटल्यास सगळाच प्रसाद तांदळाच्या रव्याचा करावा, म्हणजे कोणालाच वेगळे काढावे लागणार नाही. पंचामृत आणि केळे तर आहेच.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. आपल्या घरांत या पथ्याला जो विरोध होतो त्याच्या मुळाशी वैद्यक नाही, पोळीची प्रतिष्ठा आहे. एके काळी या माळव्यात ज्वारी आणि मका हे सामान्यांचे अन्न होते आणि गहू सुखवस्तूंचा, सणावाराचा. पोळी म्हणजे बरे दिवस, भाकरी म्हणजे ओढग्रस्त, हे समीकरण आपल्या मनात अजून बसलेले आहे. म्हणून मुलाच्या डब्यात भाकरी द्यायला काही आयांना संकोच वाटतो, आणि मुलांनाही तो डबा झाकून खावासा वाटतो. हा संकोच घालवायला डॉक्टर लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस साऱ्या घराने ज्वारीची भाकरी खावी, पाहुण्यांनाही तीच वाढावी. घरातल्या सर्वांच्या ताटात जे अन्न आहे ते डब्यात नेताना कोणतेही मूल लाजत नाही.